गाणं सुरू झालं तेव्हा बसून राहिलेली माणसं

१९३६ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील कोलंबस शहरात मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चची सर्वसाधारण परिषद भरली होती. ही उत्तरेकडची मंडळी. ९२ वर्षांपूर्वी गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडचे मेथॉडिस्ट तिच्यापासून वेगळे झाले होते. आता दोघांनी पुन्हा एक व्हावं, अशी योजना मतदानाला आली होती. योजना प्रचंड बहुमतानं मंजूर झाली. सभागृह उठून उभं राहिलं आणि सीयोनाकडे निघालेल्या यात्रेकरूंचं एक आवडतं भक्तिगीत सुरू झालं. कृष्णवर्णीय प्रतिनिधी मात्र आपापल्या जागी बसून राहिले. त्यांच्यातले काही रडत होते. ते ४७ जण होते. ३६ जणांनी योजनेच्या विरोधात मत दिलं होतं, ११ जण तटस्थ राहिले होते. म्हणजे बाजूनं एकही नाही.

त्यांचा विरोध ऐक्याला नव्हता, ऐक्याच्या अटीला होता. नव्या चर्चचे सहा विभाग पाडायचे ठरलं होतं. त्यातले पाच नकाशावरून ठरले: ईशान्य, आग्नेय वगैरे. सहावा कातडीच्या रंगावरून. देशात कुठेही राहणारी कृष्णवर्णीय मंडळी या सहाव्या विभागात जाणार होती. त्याचं नाव सेंट्रल ज्युरिस्डिक्शन. त्यांचे बिशप वेगळे, परिषदा वेगळ्या, पाळकांच्या नेमणुका वेगळ्या. कागदावर सगळे विभाग समान होते. पण एकाच गावात, एकाच रस्त्यावर दोन मेथॉडिस्ट देवळं असली, तरी एकाचा पाळक दुसऱ्यात नेमला जाणार नव्हता. बेनेट कॉलेजचे अध्यक्ष डेव्हिड जोन्स यांनी चर्चेत उभं राहून स्पष्ट सांगितलं, की ही उघड विलगता आहे आणि आपण ती चर्चच्या घटनेतच घालतो आहोत. रूढी म्हणून चालत आलेली गोष्ट आता कायदा होणार होती.

चर्चच्या एकीकरणाचे इतिहास बहुतेक उत्सवी सुरात लिहिलेले असतात. बिशपांनी हातात हात घेतल्याची छायाचित्रं, स्वाक्षऱ्या, घंटानाद. ते वाचताना मला प्रत्येक वेळी कोलंबसच्या त्या खुर्च्या आठवतात. फुटलेले दोन भाऊ एकत्र येताना तिसऱ्याच्या वाट्याला काय आलं, हे पाहिल्याशिवाय त्या एकीकरणाचं मोल ठरवता येत नाही, असं मला वाटतं. मेथॉडिस्टांच्या बाबतीत हे तपासायला एक भक्कम आधार आहे. ज्याच्या नावानं हे सगळे एकत्र आले, त्यानं याच प्रश्नावर स्वतःचं मत लिहून ठेवलं होतं.

जॉन वेस्ली १७०३ साली इंग्लंडमधल्या एपवर्थ गावी, अँग्लिकन धर्मगुरूच्या घरात जन्मला. ऑक्सफर्डला असताना तो, भाऊ चार्ल्स आणि त्यांचे मित्र प्रार्थना, उपास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी असा सगळा दिनक्रम नेमानं पाळत. पद्धतशीर वागणारे म्हणून लोकांनी चिडवायला त्यांना ‘मेथॉडिस्ट’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. १७३५ मध्ये तो अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत गेला आणि दोन वर्षांत अपयश घेऊन परतला. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत त्याला अंतर्यामी जो अनुभव आला, तो मेथॉडिस्ट आजही दरवर्षी आठवतात. पुढल्या वर्षी ब्रिस्टलजवळ तो उघड्या मैदानात बोलू लागला आणि चर्चची पायरी न चढलेले खाणकामगार त्याला ऐकायला जमू लागले.

वेस्लीला नवं चर्च काढायचं नव्हतं. तो अखेरपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच राहिला. पण स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेतले अँग्लिकन धर्मगुरू पांगले आणि तिथल्या मेथॉडिस्टांना बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन द्यायला कुणी उरेना. तेव्हा १७८४ मध्ये त्यानं बिशपचा अधिकार नसताना स्वतःच माणसांना दीक्षा दिली. चार्ल्सला हे अजिबात रुचलं नाही. मेथॉडिझमला जगभर नेणारं हे पाऊल संस्थापकाच्या सख्ख्या भावाच्याच लेखी नियमभंग होतं. चार्ल्सला लंडनमध्ये मॅरिलबोनच्या अँग्लिकन आवारात पुरलं, जॉनला सिटी रोडच्या स्वतःच्या चॅपलमागे.

गुलामगिरीबद्दल वेस्लीच्या मनात संदिग्धता नव्हती. १७७४ मध्ये त्यानं गुलामगिरीवर एक पुस्तिका लिहिली. फिलाडेल्फियाच्या क्वेकर अँथनी बेनेझेट यांच्या लेखनाचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. गुलाम बाळगणं हे न्यायालाही धरून नाही आणि दयेलाही, हा तिचा आशय. १७८८ मध्ये तो या विषयावर ब्रिस्टलमध्ये बोलला. ब्रिस्टल हे गुलामांच्या व्यापारावर पोसलेलं बंदर. तिथल्या श्रोत्यांपुढे हा विषय काढायला धैर्य लागत होतं. २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, मृत्यूच्या सहा दिवस आधी, त्यानं ब्रिटिश संसदेतल्या विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहिलं: अमेरिकेतली गुलामगिरी ही सूर्याखाली सर्वांत नीच आहे, ती नाहीशी होईपर्यंत थांबू नका. ८७ वर्षांच्या माणसाच्या शेवटच्या पत्रांपैकी हे एक. वारसा कशाला म्हणायचं, याचा वाद घालणाऱ्यांना इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

त्याचे अमेरिकन अनुयायीही आरंभी त्याच वाटेवर होते. १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला स्वतंत्र मेथॉडिस्ट चर्च स्थापन झालं, तेव्हा नियम झाला, की गुलाम बाळगणाऱ्या सभासदानं बारा महिन्यांत त्यांच्या मुक्तीचा कायदेशीर कागद करावा. सहा महिनेही उलटले नाहीत, तोच नियम स्थगित झाला. दक्षिणेत तो टिकणार नाही, लोक सोडून जातील, ही भीती. माझ्या मते पुढची सगळी फाटाफूट या स्थगितीतूनच निघाली. तत्त्व मागे घेतलं नव्हतं, फक्त पुढे ढकललं होतं. त्यामुळे उत्तरेला वाटत राहिलं की ते कधीतरी अमलात येईल आणि दक्षिणेला वाटत राहिलं की ते कायमचं बाजूला पडलं.

दरम्यान कृष्णवर्णीय मेथॉडिस्टांनी कुणाची वाट पाहिली नाही. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये अ‍ॅब्सलम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करत असताना विश्वस्तांनी त्यांना ओढून उठवलं, तेव्हा रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे सोबती चर्चबाहेर पडले. अ‍ॅलन स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते आणि त्यांनी स्वकष्टाच्या पैशानं मुक्ती विकत घेतली होती. १८१६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. मेथॉडिस्टांच्या फुटीची हकिगत सांगताना लोक १८४४ पासून सुरुवात करतात. पहिली जखम त्याच्या कितीतरी आधीची आहे.

१८४४ मध्ये जे झालं त्याला निमित्त एक बिशप. जॉर्जियाचे जेम्स अँड्र्यू. त्यांना वारशानं आणि लग्नातून गुलामांची मालकी मिळाली होती. जॉर्जियाच्या कायद्यात गुलामाला मुक्त करणं जवळजवळ अशक्य आहे, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. न्यूयॉर्कला भरलेल्या परिषदेनं ठराव केला, की ही अडचण असेपर्यंत त्यांनी बिशपचं काम थांबवावं. दक्षिणेला हा अपमान वाटला. वाटणीची योजना ठरली आणि पुढल्या वर्षी लुईव्हिलला दक्षिणेचं वेगळं चर्च उभं राहिलं. त्यानंतर छापखाना आणि पुस्तक विक्रीच्या पैशांवरून दोघं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८५४ मध्ये निकाल दक्षिणेच्या बाजूनं लागला. सात वर्षांनी यादवी युद्ध पेटलं.

युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, पण चर्च वेगळीच राहिली. दक्षिणेनं १८७० मध्ये आपल्या उरल्यासुरल्या कृष्णवर्णीय सभासदांचं स्वतंत्र चर्च करून दिलं. उत्तरेच्या चर्चनं आपल्या कृष्णवर्णीय सभासदांना सोबत ठेवलं खरं, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या परिषदा वेगळ्या ठेवल्या. उत्तरेचे हातही काही स्वच्छ नव्हते. १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या केप मे इथे दोन्ही बाजूंनी मान्य केलं, की आपण एकाच मूळ चर्चच्या दोन वैध शाखा आहोत. तिथून एकीकरणाला ६३ वर्षं लागली. बिशप, पैसा, अधिकार हे सगळे मुद्दे सुटत गेले. अडत होतं ते एकाच जागी: उत्तरेच्या चर्चमधल्या लाखो कृष्णवर्णीयांचं काय? त्यांनी बाहेर पडून स्वतंत्र चर्च करावं, हे दक्षिणेला सोयीचं होतं. कृष्णवर्णीय बिशप गोऱ्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवतो आहे, हे चित्र दक्षिणेला सहन होणारं नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या वाटाघाटींच्या आयोगात गार्लंड पेन आणि रॉबर्ट जोन्स हे दोन कृष्णवर्णीय सदस्य होते. आपल्याच माणसांचं स्थान कुठे असावं, याची चर्चा त्यांनी त्या टेबलावर बसून ऐकली. शेवटी निघालेली तडजोड म्हणजे सेंट्रल ज्युरिस्डिक्शन. २६ एप्रिल ते १० मे १९३९ या दिवसांत कॅन्सस सिटीला उत्तर, दक्षिण आणि त्यांच्याबरोबर मेथॉडिस्ट प्रोटेस्टंट नावाचं तिसरं, अशी तिन्ही चर्च एक झाली. तीन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सभासद सहाव्या विभागात गेले.

या तारखांशेजारी मी महाराष्ट्रातल्या तारखा ठेवून पाहतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांना भेटू लागले. त्यांत अमेरिकन मेथॉडिस्टांचे मुंबईतले बिशप ब्रेंटन बॅडली होते. याच चर्चच्या वास्कम पिकेट यांच्याशीही बाबासाहेबांचा परिचय होता. भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांवरचा पिकेट यांचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मे १९३६ मध्ये कोलंबसचं मतदान झालं आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला बाबासाहेबांनी दादरला ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केलं. धर्मांतर करायचं ते माणूस म्हणून समानतेनं वागवलं जाण्यासाठी, हा त्याचा गाभा. ज्या चर्चचे बिशप मुंबईत अस्पृश्यांना समानतेचं आश्वासन देऊ पाहत होते, तेच चर्च त्याच महिन्यात स्वतःच्या घरात वंशावरून वेगळी पंगत मांडायला मंजुरी देत होतं. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी दक्षिण भारतातल्या चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातीवर बोट ठेवलं. धर्माच्या शिकवणीपेक्षा ती पाळणाऱ्यांचं वागणं तपासायचं, ही त्यांची रीत होती आणि ती कॅन्सस सिटीलाही लागू पडली असती.

इंग्लंडमधली फूट वेगळ्या जातीची. तिथे वंशाचा प्रश्न नव्हता. वेस्लीच्या पश्चात सत्ता शंभर उपदेशकांच्या मंडळाकडे गेली आणि सामान्य सभासदाला किती अधिकार, यावरून फुटी सुरू झाल्या. १८०७ मध्ये मो कॉपच्या टेकडीवर दिवसभराची उघड्यावरची प्रार्थनासभा भरली आणि त्यातून कामगारवर्गाचे प्रिमिटिव्ह मेथॉडिस्ट निघाले. १८२७ मध्ये लीड्सच्या एका चॅपलमध्ये ऑर्गन बसवण्यावरून एक गट फुटला. वाद्याचं निमित्त, मुद्दा निर्णय कोणाचा हा. वेस्लीयन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड मेथॉडिस्ट ही तीन मोठी चर्च अखेर २० सप्टेंबर १९३२ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये एक झाली. तरी एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन चॅपल पुढे कित्येक वर्षं वेगवेगळी चालत राहिली. वरची सही खालच्या बाकापर्यंत पोचायला वेळ लागतो. अशा अनेक पंथांच्या इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाई १८८३ मध्ये गेल्या आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. एकाच बायबलचा आधार घेणारे इतके पंथ पाहून आपण कसे गोंधळून गेलो, हे त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. शास्त्रार्थाच्या वातावरणात वाढलेल्या बाईंना मतभेदांची भीती नव्हती. प्रत्येकजण फक्त आपणच खरे म्हणतो, याचा त्यांना त्रास होता.

पुन्हा वंशाच्या प्रश्नाकडे वळू, आणि त्यासाठी आता नागपूर. १९५३ मध्ये हिस्लॉप कॉलेजात एक तरुण अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून आला आणि मुलांना खेळ शिकवू लागला. जेम्स लॉसन. वडील आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चचे पाळक. कोरियन युद्धाच्या काळात लष्करभरतीला नकार दिला म्हणून लॉसन तुरुंगात जाऊन आले होते. सुटकेनंतर नागपूर. गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांना गांधींच्या देशात राहून करायचा होता. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यांनी बातमी वाचली: अमेरिकेत माँटगोमेरीला कृष्णवर्णीयांनी शहर बसवर बहिष्कार टाकला आहे आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण पाळक त्यांचं नेतृत्व करतो आहे. आपण आनंदानं ओरडलो, अशी आठवण ते पुढे सांगत. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तोवर लॉसन नागपूर सोडून गेले होते.

१९५७ च्या फेब्रुवारीत ओबर्लिनला किंग आणि लॉसन भेटले. शिक्षण पुरं करून दक्षिणेत येईन, असं लॉसन म्हणाले. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. लॉसन नॅशव्हिलला गेले, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात दाखल झाले आणि विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागले. अंगावर थुंकलं तर काय करायचं, मार पडला तर डोकं कसं झाकायचं, शिवीला उत्तर न देता नजर कशी स्थिर ठेवायची, याचा रीतसर सराव. १९६० मध्ये त्या विद्यार्थ्यांनी शहरातल्या दुकानांच्या उपाहारगृहांत, जिथे कृष्णवर्णीयांना वाढत नसत, तिथे जाऊन बसायला सुरुवात केली. मार्चमध्ये विद्यापीठानं लॉसन यांना काढून टाकलं. हे विद्यापीठ १८७३ मध्ये दक्षिणेच्या मेथॉडिस्ट चर्चनंच स्थापन केलेलं. चर्चचा त्यावरचा ताबा १९१४ मध्ये सुटला होता, पण ज्यांचं मन राखण्यासाठी सेंट्रल ज्युरिस्डिक्शन घडवलं गेलं, त्यांच्याच परंपरेची ती संस्था. लॉसन टेनेसीत मेथॉडिस्ट पाळक झाले, ते त्या सहाव्या विभागातच. नागपुरात त्यांना कुणी वेगळं बसवलं नव्हतं. स्वतःच्या चर्चमध्ये मात्र त्यांची नेमणूक रंग पाहूनच होत होती.

सहाव्या विभागातलं आयुष्य नुसतं दुःखाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. तिथे कृष्णवर्णीयांनी स्वतःचे बिशप निवडले, महाविद्यालयं चालवली, माणसं घडवली. म्हणून तो मोडताना प्रश्न नाजूक झाला. भिंत पाडायची, पण तिच्या आत उभं केलेलं नेतृत्व विरघळू द्यायचं नाही. १९६० मध्ये या विभागानं स्वतःच पाच जणांची समिती नेमून याचा आराखडा केला. मोडण्याची जबाबदारीही पुन्हा त्यांनीच उचलली, हे मला विलक्षण वाटतं.

१९६८ च्या वसंतात लॉसन मेम्फिसमध्ये पाळक होते. सफाई कामगारांच्या संपाच्या डावपेचांची समिती त्यांच्याकडे होती. त्यांनीच किंग यांना मेम्फिसला बोलावलं. ४ एप्रिलला तिथे किंग यांची हत्या झाली. १९ दिवसांनी, २३ एप्रिल रोजी डॅलसमध्ये मेथॉडिस्ट चर्च आणि जर्मन मुळाचं इव्हँजेलिकल युनायटेड ब्रदरन चर्च एक होऊन युनायटेड मेथॉडिस्ट चर्च निर्माण झालं. नव्या घटनेत सेंट्रल ज्युरिस्डिक्शन नव्हतं. प्रत्यक्षात शेवटच्या वेगळ्या परिषदा विलीन व्हायला १९७३ उजाडलं. वेस्लीच्या पुस्तिकेला तोवर १९९ वर्षं झाली होती.

नागपूर या कथेत पुन्हा येतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात उत्तर भारत चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, असे सहा प्रवाह एकत्र आले. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांची परंपराही यातल्या युनायटेड चर्चमधूनच आज सीएनआयमध्ये आहे. वाटाघाटींत सातवा प्रवाहही होता: अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट. विल्यम टेलर यांच्या १८७१-७२ च्या सभांतून मुंबईत रुजलेली आणि पुढे महाराष्ट्रात पसरलेली मंडळी. ते ऐनवेळी बाहेर राहिले. ७ जानेवारी १९८१ पासून ते मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त आहेत. त्यामुळे वेस्लीची लेकरं महाराष्ट्रात आजही दोन घरांत राहतात. दोघांच्या उपासनेत चार्ल्स वेस्लीची गीतं असतात, लग्नसंबंध होतात, नाताळात एकमेकांकडे जाणं-येणं असतं. बाहेर राहणाऱ्यांना मी दोष देत नाही. घाईनं एकत्र येऊन कुणाला तरी सहाव्या विभागात बसवण्यापेक्षा शेजारधर्म पाळत वेगळं राहणं बरं. पण जाती-पोटजातींची उतरंड दोन्हीकडच्या मंडळ्यांत अजून मिटलेली नाही आणि तिच्यासाठी दोघांनी मिळून काम करायला विलीनीकरणाची वाट पाहायची गरज नाही.

अमेरिकेत २००० साली क्लीव्हलँडच्या सर्वसाधारण परिषदेत चर्चनं वंशभेदाबद्दल सामुदायिक पश्चात्तापाची उपासना केली. आफ्रिकन मेथॉडिस्ट चर्चच्या लोकांना ज्या वागणुकीमुळे बाहेर पडावं लागलं, त्याची ती कबुली होती. त्याच परिषदेच्या काळात समलिंगी सभासदांना पाळकपद नाकारणाऱ्या नियमांविरुद्ध निदर्शनं झाली आणि अटक झालेल्यांत ७१ वर्षांचे जेम्स लॉसन होते. निदर्शकांत महात्मा गांधींचे नातू अरुण गांधीही होते. एका अन्यायाची माफी आणि दुसऱ्यासाठी बेड्या, एकाच पंधरवड्यात. या दुसऱ्या प्रश्नावर चर्च पुन्हा फुटलं. २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक स्थानिक मंडळ्या बाहेर पडल्या. त्यातल्या अनेक १ मे २०२२ रोजी स्थापन झालेल्या ग्लोबल मेथॉडिस्ट चर्चमध्ये गेल्या. इमारती कुणाच्या, निवृत्तिवेतनाचा निधी कुणाचा, हे १८५४ चे प्रश्न पुन्हा निघाले. दोन्ही बाजू वेस्लीचाच दाखला देतात. समलिंगी संबंधांवर वेस्लीचा गुलामगिरीसारखा स्वच्छ शब्द उपलब्ध नाही, त्यामुळे या वेळी वारसा म्हणजे त्याची मतं की त्याची काम करण्याची रीत, हे त्यांना स्वतःच ठरवावं लागणार आहे. मला स्वतःला कैद्यांकडे आणि खाणकामगारांकडे चालत जाणारा वेस्ली जास्त भरवशाचा वाटतो.

मे २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत शार्लटला भरलेल्या परिषदेनं ते नियम मोठ्या बहुमतानं काढून टाकले. लॉसन तेव्हा लॉस एंजेलिसला होते, वय ९५. ९ जून २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. ज्या विद्यापीठानं त्यांना काढलं होतं, त्यानं २००६ मध्ये त्यांना सन्मानानं अध्यापनासाठी परत बोलावलं होतं आणि ते गेलेही होते.